हाइनरिश मान : परागंदा कादंबरीकार आणि त्याचा तुटलेला वाचक

हाइनरिश मान यांची ओळख आपल्याकडे झालीच तर थॉमस मान यांचे थोरले बंधू म्हणून होते, किंवा मार्लेन डीट्रिश यांना जगभर नाव मिळवून देणारा ‘डेर ब्लाउए एंगेल’ हा १९३० चा चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला, तिचे लेखक म्हणून होते. दोन्ही ओळखी खऱ्या असल्या तरी अपुऱ्या आहेत. जर्मन समाजातील सत्तेची हाव आणि सत्तेपुढची लाचारी या एकाच माणसात कशा नांदतात, हे त्यांच्याइतके निर्भीडपणे त्यांच्या पिढीत फार थोड्यांनी लिहिले. १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि १९५० मध्ये कॅलिफोर्नियात मृत्यू येईपर्यंत मायदेशी परतणे त्यांच्या नशिबी आले नाही.

या प्रकरणात तपासायचा प्रश्न असा आहे : स्वतःच्या समाजावर टीका करणे हेच ज्याच्या लेखणीचे काम, त्याच्यापासून तो समाज, ती भाषा आणि तो वाचक एकदमच तोडला, तर त्या लेखणीचे काय होते? हाइनरिश मान यांच्या बाबतीत या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे मिळतात, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. फ्रान्समधील साडेसात वर्षांत त्यांनी आपले सर्वांत मोठे काम केले. अमेरिकेतील साडेनऊ वर्षांत ते लिहीत राहिले, पण त्यांचे लेखन कुणापर्यंत पोहोचेनासे झाले. लेखक तोच, भाषा तीच, शत्रूही तोच. मग फरक कशाने पडला? वय, आजार, पत्नीचा मृत्यू ही कारणे नेहमी दिली जातात. ती खोटी नाहीत. तथापि माझ्या मते मूळ कारण त्यांच्या शरीरात किंवा प्रतिभेत नव्हते. लेखकाला उभे ठेवणारी जी व्यवस्था असते, म्हणजे प्रकाशक, वृत्तपत्र, वाचक आणि सार्वजनिक जीवनातील एखादी जबाबदारी, ती फ्रान्समध्ये कशीबशी का होईना टिकून होती आणि अमेरिकेत ती उरली नाही.

पार्श्वभूमी

हाइनरिश यांचा जन्म २७ मार्च १८७१ रोजी ल्यूबेक येथे झाला. जर्मन साम्राज्याची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. वडील धान्याचे व्यापारी आणि शहराच्या शासनातील सिनेटर, आई ब्राझीलमध्ये जन्मलेली. १८९१ मध्ये वडील वारले, पेढी बंद झाली, आणि दोघे भाऊ लेखनाकडे वळले. १९०५ मध्ये आलेल्या ‘प्रोफेसर उनराट’ या कादंबरीत त्यांनी शाळेत जुलूम करणारा आणि स्वतःच्या वासनेपुढे कोसळणारा शिक्षक रंगवला. हीच पुढे पडद्यावर आलेली कादंबरी. परंतु त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा ठरवली ती ‘डेर उंटरटान’ने, म्हणजे ‘आज्ञाधारक प्रजाजना’च्या कथेने.

या कादंबरीचा नायक डीडरिश हेसलिंग हा एका लहान गावातील कागद कारखानदाराचा मुलगा आहे. लहानपणी तो सगळ्यांना भितो, आणि ज्यांना भितो त्यांच्यावरच त्याची भक्ती जडते. वर्गशिक्षकांच्या वाढदिवशी मुले टेबल आणि फळा फुलांनी सजवतात, तेव्हा डीडरिश ज्या छडीने मार बसतो त्या छडीलाही हार गुंडाळतो. मोठेपणी बर्लिनमध्ये, बेकारांच्या निदर्शनांच्या दिवसांत, सम्राट विल्हेल्म घोड्यावरून जाताना दिसतात; डीडरिश बेभान होऊन मागे धावतो आणि धपकन डबक्यात पडतो, आणि सम्राट त्याच्याकडे पाहून हसतात. एवढ्यानेच त्याचे आयुष्य सार्थकी लागते. पुढे तो गावी परतून कारखान्याचा मालक होतो आणि कामगारांसमोर सम्राटाच्या भाषणांतील वाक्ये स्वतःची म्हणून फेकू लागतो.

या कादंबरीतील सर्वांत धारदार जागा माझ्या मते याहून वेगळी आहे. विद्यार्थिदशेत डीडरिश एका मुलीशी प्रेमसंबंध ठेवतो, आणि तिचे वडील लग्नाची विनवणी करायला येतात तेव्हा, माझ्या मुलांची आई निष्कलंकच असली पाहिजे, असे सांगून त्यांना परत पाठवतो. कित्येक वर्षांनी एक लष्करी अधिकारी त्याच्या सख्ख्या बहिणीला तसेच सोडून देतो आणि डीडरिशच्या तोंडावर तेच कारण फेकतो. डीडरिश अपमानित होतो, आणि त्याच क्षणी त्या अधिकाऱ्याच्या ताठ्याने भारावूनही जातो. आपल्याला तुडवणाऱ्याविषयीचा हा आदर हाच हुकूमशाहीचा कच्चा माल आहे, हे हाइनरिश मान यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी ओळखले होते. कादंबरी १९१४ मध्ये एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच तिचे प्रकाशन थांबवण्यात आले. १९१६ मध्ये मोजक्या प्रतींची खासगी आवृत्ती निघाली, आणि साम्राज्य कोसळल्यावर १९१८ च्या अखेरीस ती खुली प्रसिद्ध झाली तेव्हा काही आठवड्यांत सुमारे १ लाख प्रती खपल्या. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण परागंदा झाल्यानंतर या लेखकाच्या जर्मन पुस्तकांच्या आवृत्त्या काही हजारांवर आल्या.

युद्धाच्याच काळात, १९१५ मध्ये, त्यांनी फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला. वरवर तो झोलांविषयी होता, पण रोख युद्धाचा जयघोष करणाऱ्या जर्मन बुद्धिवंतांवर होता, आणि त्यांत थॉमस मान यांचाही समावेश होता. भावाभावांत कित्येक वर्षे अबोला राहिला. १९२२ मध्ये हाइनरिश गंभीर आजारी पडले तेव्हा समेट झाला, आणि त्यानंतर थॉमसही हळूहळू साम्राज्याच्या जागी आलेल्या जर्मन प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे राहिले. फ्रान्सविषयीची ही जुनी निष्ठा पुढे हाइनरिश यांच्या फार उपयोगी पडणार होती.

फेब्रुवारी १९३३

१९३१ पासून ते प्रशियन कला अकादमीच्या साहित्य विभागाचे अध्यक्ष होते. प्रजासत्ताकात लेखकाला मिळू शकणारा हा फार मोठा मान होता. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाले. मार्चमध्ये निवडणूक होणार होती, आणि सोशल डेमोक्रॅट व कम्युनिस्ट या दोन पक्षांनी आतातरी एकत्र यावे, असे आवाहन करणारी पत्रके फेब्रुवारीच्या मध्यास बर्लिनच्या जाहिरात-स्तंभांवर झळकली. त्याखाली सही करणाऱ्यांत हाइनरिश मान आणि चित्रकार केटे कोल्विट्स ही अकादमीतील दोन नावे होती.

नव्या सरकारचे प्रतिनिधी बेर्नहार्ड रुस्ट यांनी अकादमीच बरखास्त करण्याची धमकी दिली. १५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अकादमीचे अध्यक्ष, संगीतकार माक्स फॉन शिलिंग्स यांनी तातडीची सभा बोलावली. संस्था वाचवायची असेल तर या दोघांनी जावे, असा प्रस्ताव होता. कोल्विट्स यांनी आधीच राजीनामा दिला होता. हाइनरिश मान यांनीही तो दिला. नगररचनाकार मार्टिन वाग्नर यांनी निषेध म्हणून त्याच सभेत सदस्यत्व सोडले, कादंबरीकार आल्फ्रेड डोब्लिन यांनी आक्षेप नोंदवला, आणि बहुतेक इतर गप्प राहिले. या सभेचा वृत्तान्त वाचताना मन विषण्ण होते. सभागृहात जमलेली माणसे सुशिक्षित होती, बहुतेक सज्जन होती, आणि संस्था टिकवण्याच्या नावाखाली त्यांनी संस्थेचा आत्मा अर्ध्या तासात देऊन टाकला. ‘डेर उंटरटान’ लिहिणाऱ्याला यात नवल वाटण्यासारखे काही नसावे, पण आपल्याच सहकाऱ्यांच्या तोंडून त्याचा प्रत्यय येणे वेगळे.

अकादमी पॅरिस चौकात होती आणि फ्रेंच दूतावासही त्याच चौकात होता. राजदूत आंद्रे फ्रांस्वा-पाँसे यांनी एका समारंभात त्यांना सुचवले की, चौकातून जाणे झाले तर माझे घर तुमच्यासाठी उघडे आहे. सूचनेचा अर्थ स्पष्ट होता. २१ फेब्रुवारी रोजी हाइनरिश मान अगदी थोड्या सामानानिशी निघाले, आणि फ्रांकफुर्टमार्गे ऱ्हाईनकाठच्या केलपर्यंत येऊन पलीकडे स्ट्रासबुर्गला पोहोचले. त्यानंतर सहा दिवसांनी राइशस्टाग या जर्मन संसदभवनाला आग लागली आणि अटकांचे सत्र सुरू झाले. वय वर्षे एकसष्ट, जमवलेले सगळे मागे. त्यांची सहचारिणी नेली क्र्योगर मागाहून त्यांना येऊन मिळाली.

१० मे रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. प्रत्येक गटातील लेखकांसाठी एक घोषणा ठरलेली होती. कुटुंबात आणि राज्यात शिस्त व सदाचार नांदावा, अशी पुकार करत हाइनरिश मान, एर्न्स्ट ग्लेझर आणि एरिश केस्टनर यांची पुस्तके आगीत टाकली गेली. ऑगस्टमध्ये नागरिकत्व काढून घेतलेल्यांची पहिली यादी निघाली. तिच्यातील ३३ नावांत लिओन फॉइष्टवांगर, एर्न्स्ट टोलर, कुर्ट टुखोल्स्की या लेखकांबरोबर हाइनरिश मान हेही होते. घर, बँकेतील पैसा, देश आणि पासपोर्ट हे सगळे सहा महिन्यांत गेले.

फ्रान्स : टिकून राहिलेली व्यवस्था

ते दक्षिण फ्रान्समधील नीसला राहिले. १९३४ मध्ये काही काळ योझेफ रोट आणि हेर्मान केस्टन हे लेखकही तिथल्या समुद्रकाठच्या त्याच घरात राहत होते. तिघेही परागंदा, तिघांचीही टेबले कादंबऱ्यांच्या कागदांनी भरलेली.

या काळात त्यांना चार आधार मिळाले. पहिला आधार प्रकाशकाचा. अ‍ॅमस्टरडॅमचे डच प्रकाशक इमानुएल क्वेरिडो यांनी १९३३ मध्ये परागंदा लेखकांसाठी जर्मन विभाग सुरू केला आणि तो फ्रिट्स लांड्सहोफ यांच्या हाती दिला. जर्मनीची बाजारपेठ बंद झालेली होती. उरले होते स्वित्झर्लंड, चेकोस्लोव्हाकिया, १९३८ पर्यंत ऑस्ट्रिया आणि जगभर विखुरलेले परागंदा वाचक. त्यातून फायदा जवळजवळ नव्हता, तरी लेखकांना दरमहा आगाऊ मानधन देऊन पुस्तके पुरी करून घेतली जात. जर्मन साहित्याचा हा तुकडा वाचवणारे इमानुएल क्वेरिडो आणि त्यांची पत्नी यांना पुढे १९४३ मध्ये सोबिबोरच्या छळछावणीत मारण्यात आले. त्यांच्या ऋणाचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुढे नेणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा आधार वृत्तपत्राचा. तुलूझच्या ‘ला देपेश’ या दैनिकात ते नियमितपणे लेख लिहीत, आणि तेही थेट फ्रेंचमध्ये. म्हणजे त्यांना समोर वाचक होता, ठरावीक दिवशी लेख द्यायचा होता आणि त्याचे पैसे मिळत होते. हिटलरच्या राजवटीवरचे त्यांचे पहिले पुस्तक ‘द्वेष’ या अर्थाच्या शीर्षकाने १९३३ मध्येच जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत निघाले.

तिसरा आधार कागदपत्रांचा, आणि तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. चेकोस्लोव्हाकियाचे नागरिकत्व मिळण्यासाठी आधी एखाद्या गावाने रहिवासाचा हक्क द्यावा लागे. जर्मनभाषक बहुसंख्य असलेल्या लिबेरेत्स शहरात त्यांचा अर्ज फळाला आला नाही. तेव्हा बोहेमियातील प्रोसेच या लहान गावाच्या ग्रामसभेने हाइनरिश यांना, आणि पुढे थॉमस यांनाही, आपले गावकरी मानले. १९३६ मध्ये हाइनरिश चेकोस्लोव्हाक नागरिक झाले. बर्लिनच्या अकादमीला जे धाडस झाले नाही ते या गावाने केले.

चौथा आधार सार्वजनिक कामाचा. २ फेब्रुवारी १९३६ रोजी पॅरिसच्या लुतेशिया हॉटेलात शंभराहून अधिक परागंदा जर्मन जमले, आणि सोशल डेमोक्रॅट, कम्युनिस्ट, कॅथलिक आणि उदारमतवादी यांची एक लोकआघाडी उभारण्याचे ठरले. अध्यक्ष हाइनरिश मान होते. १९३३ च्या पत्रकातली मागणी आता परक्या भूमीवर पुन्हा मांडली जात होती. दोनेक वर्षांत पक्षीय डावपेचांनी ती आघाडी मोडली. जर्मन कम्युनिस्ट नेते वाल्टर उल्ब्रिश्ट यांच्याबद्दल हाइनरिश यांनी काढलेले उद्गार लेखक आल्फ्रेड कांटोरोविच यांनी नोंदवून ठेवले आहेत : आपण ज्या टेबलाशी बसलो आहोत ते टेबल नसून बदकांचे तळे आहे, असे जो एकाएकी सांगू लागतो आणि मलाही ते कबूल करायला लावतो, त्याच्यासोबत मी एका टेबलाशी बसू शकत नाही.

या चार आधारांवर फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्यावरची त्यांची दोन खंडांची कादंबरी उभी राहिली. पहिला खंड १९३५ मध्ये आणि दुसरा १९३८ मध्ये क्वेरिडोने काढला. १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यू हत्याकांडातून वाचलेला, धर्मयुद्धांनी फाटलेला देश सांधणारा, १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा आणि १६१० मध्ये खुनाला बळी पडलेला हा राजा त्यांनी मुद्दाम निवडला होता. त्या कादंबरीतील कॅथलिक लीगचे प्रचारक जमावाला ज्या पद्धतीने चेतवतात, ती पद्धत त्या वेळच्या वाचकाला बर्लिनच्या आकाशवाणीवरून रोज ऐकू येत होती. तरीही हे रूपकात्मक प्रचारलेखन झालेले नाही. ‘डेर उंटरटान’मध्ये लेखकाने सत्तेचा रोग दाखवला होता, इथे त्यांनी प्रथमच सत्ता माणुसकीने वापरणारा माणूस रंगवण्याचा प्रयत्न केला. हा राजा चुकतो, धर्म बदलतो, स्त्रियांच्या नादी लागतो, तडजोडी करतो, आणि तरी सामान्य माणसाच्या पोटाची आठवण विसरत नाही. पहिल्या खंडात प्रकरणांच्या शेवटी लेखक फ्रेंचमध्ये तात्पर्य लिहितो, आणि दुसऱ्या खंडाच्या अखेरीस राजा ढगांतून फ्रेंच भाषेत भाषण करतो. दोन्ही भाषांतले आपले घर एकाच पुस्तकात बांधण्याचा असा प्रयत्न दुसऱ्या कुणी परागंदा जर्मन कादंबरीकाराने या ताकदीने केल्याचे मला तरी आढळलेले नाही.

पिरेनीज

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. जर्मनी मागेल त्या जर्मनांना ताब्यात देण्याचे कलम युद्धबंदीच्या करारात १९ व्या क्रमांकावर होते. ऑगस्टमध्ये अमेरिकन पत्रकार व्हेरियन फ्राय सुटका करायच्या सुमारे दोनशे लोकांची यादी आणि ३००० डॉलर घेऊन मार्सेयला आले. हाइनरिश मान यांच्याजवळ अमेरिकन व्हिसा होता, पण फ्रान्सचे सरकार देश सोडण्याचा परवाना देत नव्हते. उरला पिरेनीजचा डोंगर, पलीकडे स्पेन.

१३ सप्टेंबर १९४०, शुक्रवार. फ्राय यांच्या व्यवस्थेने हाइनरिश, नेली (त्यांचे लग्न वर्षभरापूर्वी नीसमध्ये झाले होते), पुतण्या गोलो मान, लेखक फ्रांत्स वेर्फेल आणि त्यांची पत्नी आल्मा माहलर-वेर्फेल हे सेर्बेर गावातून निघाले. वाट सरळ नव्हती. द्राक्षमळ्यांमधून, काटेरी झुडपांतून, दगडांवरून चढायचे होते. हाइनरिश एकोणसत्तर वर्षांचे होते. चढावर त्यांना दोन्ही बाजूंनी धरून न्यावे लागले. त्यांची कागदपत्रे ‘हाइनरिश लुडविग’ या नावाची होती, त्यामुळे टोपीच्या आतील आद्याक्षरेही खरवडून काढण्यात आली होती. सीमेवरच्या स्पॅनिश पहारेकऱ्याने गोलोचे कागद पाहिले, त्यांत थॉमस मान यांचे नाव वाचले, आणि इतक्या मोठ्या माणसाच्या मुलाला भेटून आनंद झाला, असे म्हणून हात मिळवला. शेजारीच, दुसऱ्याचे नाव घेऊन, त्या मोठ्या माणसाचा थोरला भाऊ बसला होता. पुढे अमेरिकेत जे घडले त्याची सगळी मांडणी या एका प्रसंगात आहे.

लिस्बनहून ‘नेआ हेलास’ या बोटीने ते १३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला उतरले. मागे पडणाऱ्या लिस्बन बंदराविषयी त्यांनी आठवणींत लिहिले आहे की, ते त्यांना अनाकलनीय सुंदर वाटले, गमावलेली प्रेयसीही त्याहून सुंदर नसते. युरोप सोडताना त्यांना आपण काय सोडतो आहोत याची पूर्ण जाणीव होती.

कॅलिफोर्निया : आधार सुटले ते कसे

परागंदा लेखकांना अमेरिकन व्हिसा मिळावा म्हणून हॉलीवूडच्या काही स्टुडिओंनी वर्षभराचे पटकथालेखनाचे करार देऊ केले होते. मोबदला आठवड्याला शंभर डॉलरच्या आसपास होता. डोब्लिन यांना असाच करार मिळाला, आणि हाइनरिश मान यांना वॉर्नर ब्रदर्सने घेतले. हेतू उदात्त होता, माणसे त्यामुळे जिवंत राहिली, आणि त्याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु या करारात कामाची गरज कुणालाच नव्हती. सत्तरीचा, इंग्रजी जेमतेम जाणणारा कादंबरीकार रोज कचेरीत जाई आणि त्याने लिहिलेले काहीही पडद्यावर येत नसे. वर्ष संपले, करार संपला.

इथे तुलना आवश्यक आहे. त्याच लॉस एंजेलिस परिसरात थॉमस मान यांचे पॅसिफिक पॅलिसेड्सला स्वतःचे घर होते. त्यांच्या मागे क्नॉप्फ ही प्रकाशनसंस्था, हेलेन लोव-पोर्टर या जाणत्या अनुवादिका आणि देशभरची व्याख्याने होती. फॉइष्टवांगर यांच्याही ऐतिहासिक कादंबऱ्या इंग्रजीत खपत होत्या. हाइनरिश यांच्या हेन्रीवरील दोन्ही खंडांचे इंग्रजी अनुवाद निघून गेले होते, पण त्यांचा अमेरिकन वाचकवर्ग तयार झाला नाही. ते ज्या वाचकासाठी लिहीत होते तो जर्मन नागरिक होता, दुसऱ्या फळीत फ्रेंच प्रजासत्ताकवादी होता. अमेरिकन मध्यमवर्गाला विल्हेल्मच्या काळातील कागद कारखानदाराशी देणेघेणे नव्हते. तेव्हा परागंदा होणे सगळ्यांनाच सारखे मोडते असे म्हणता येत नाही. ज्याची पुस्तके अनुवादातही आधीच वाचली जात होती तो टिकला. ज्याचे बळ एका विशिष्ट समाजाशी चाललेल्या भांडणात होते, त्याचे ते भांडण समुद्रापलीकडे राहिले.

मे १९४१ मध्ये पटकथालेखिका साल्का फीर्टेल यांच्या सांता मोनिकातील घरी त्यांची सत्तरी साजरी झाली. दोन्ही भावांनी उठून खिशातून कागद काढले आणि एकमेकांच्या कार्यावर दीर्घ भाषणे वाचली. एका जेवणाच्या टेबलाभोवती जर्मन साहित्याचे मोठे प्रजासत्ताक जमले होते, आणि त्या टेबलाबाहेर त्या भाषणांना श्रोता नव्हता.

पुढची वर्षे उधारीची होती. थॉमस नियमित मदत करत, परागंदांसाठीच्या चित्रपटसृष्टीतील निधीतून काही मिळे, सोव्हिएत संघात निघालेल्या अनुवादांचे मानधन अधूनमधून येई. नेली यांनी इस्पितळात काम केले, गाडी चालवली, घर सांभाळले. उत्तर जर्मनीतील गरीब घरातून आलेली, बर्लिनच्या मद्यगृहात काम केलेली ही स्त्री थॉमस मान यांच्या कुटुंबाने कधी आपली मानली नाही. तिचे मद्यपान वाढत गेले, कायद्याचा त्रास मागे लागला, आणि १७ डिसेंबर १९४४ रोजी तिने आत्महत्या केली. चरित्रकारांनी तिच्याकडे फार काळ पतीवरचे ओझे म्हणूनच पाहिले. मला हे अन्यायाचे वाटते. डोंगर चढताना, घरभाडे जमवताना आणि म्हाताऱ्या लेखकाचा दिवस सांभाळताना तीच होती. परागंदापणाची झळ तिलाही तितकीच लागली होती आणि तिच्या मागे तर पुस्तकेही नव्हती. हाइनरिश यांची पहिली पत्नी मारिया कानोव्हा, प्रागची ज्यू अभिनेत्री, तेरेझीनच्या छावणीतून जिवंत सुटली, पण तिथल्या हालांनी खंगून १९४७ मध्ये वारली.

आणि तरीही ते रोज लिहीत होते. ‘एका युगाची पाहणी’ अशा आशयाच्या शीर्षकाचे आत्मकथन १९४० च्या दशकाच्या मध्यास स्टॉकहोमहून निघाले, आणि १९३९ च्या युद्धारंभी नीसमध्ये मरणाऱ्या एका स्त्रीची कथा सांगणारी ‘डेर आटेम’ ही कादंबरी १९४९ मध्ये, पुन्हा क्वेरिडोनेच, प्रसिद्ध केली. या शेवटच्या कादंबरीतील जर्मन भाषा विलक्षण आहे : वाक्ये तुटक, मध्येच फ्रेंच, काळ पुढेमागे होणारा. समोर वाचकच नसल्यामुळे लेखकाने सवलत देणे सोडून दिले आहे असे वाटते. ती अवघड आहे आणि आजही फारशी वाचली जात नाही, पण हा थकलेल्या माणसाचा हात नव्हे.

एक दोष

या माणसाविषयी आदर असणाऱ्याने एक गोष्ट झाकू नये. स्टालिनने १९३६ ते १९३८ मध्ये मॉस्कोत आपल्या विरोधकांवर चालवलेल्या, जबरीच्या कबुलीजबाबांवर उभ्या असलेल्या खटल्यांचे त्यांनी समर्थन केले, आणि आत्मकथनातही स्टालिनविषयी गौरवाने लिहिले. हिटलरविरुद्ध उभी राहील अशी दुसरी शक्ती त्यांना दिसत नव्हती; हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा भाग देऊन टाकणाऱ्या १९३८ च्या म्युनिक कराराने पाश्चात्त्य लोकशाह्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. हे स्पष्टीकरण समजून घेता येते, पण डीडरिश हेसलिंगला निर्माण करणाऱ्या लेखकाने सत्तेपुढे वाकलेल्या कबुलीजबाबांवर विश्वास ठेवावा, हे स्वीकारता येत नाही. उल्ब्रिश्ट यांचे बदकांचे तळे त्यांना दिसले. त्याहून मोठे तळे दिसले नाही, किंवा त्यांनी पाहायचे टाळले. दूर बसून, पक्षाच्या माणसांकडूनच बातम्या मिळवत जगण्याचा हाही एक परिणाम मानला पाहिजे.

परतीचे बोलावणे

१९४९ मध्ये जर्मनीची दोन राष्ट्रे झाली. पूर्वेकडच्या राज्याने हाइनरिश मान यांना राष्ट्रीय पारितोषिक दिले आणि पूर्व बर्लिनमध्ये स्थापन होणाऱ्या कला अकादमीचे अध्यक्षपद देऊ केले. त्या राज्याची सूत्रे उल्ब्रिश्ट यांच्या हाती होती. हाइनरिश बराच काळ घुटमळले. एकोणऐंशीव्या वर्षी इतका लांबचा प्रवास, तिथले राजकारण, आणि दुसरीकडे घर, मान, वाचक आणि आपल्या भाषेचे रस्ते. शेवटी त्यांनी होकार दिला आणि ‘बातोरी’ या पोलिश बोटीने जायचे ठरले. मार्च १९५० मध्ये सांता मोनिका येथे ते झोपेतच गेले, आणि अकादमीचे अध्यक्षपद कादंबरीकार आर्नोल्ड त्स्वाइग यांच्याकडे आले.

जिवंतपणी तुटलेला वाचक मृत्यूनंतर दोन भागांत परतला. पूर्वेला त्यांची समग्र पुस्तके निघाली, शाळांत लावली गेली, आणि १९६१ मध्ये त्यांच्या अस्थी पूर्व बर्लिनच्या डोरोटेएनश्टाट दफनभूमीत आणल्या गेल्या. वोल्फगांग श्टाउडट यांनी १९५१ मध्ये ‘डेर उंटरटान’वर काढलेला उत्कृष्ट चित्रपट मात्र पश्चिम जर्मनीत १९५७ पर्यंत दाखवू दिला नाही, आणि दाखवला तोही कापून. पश्चिमेकडे त्यांच्यावर पूर्वेचा लेखक असा शिक्का बसला होता. तिथे ही कादंबरी १९६४ मध्ये स्वस्त कागदी आवृत्तीत आली, आणि आपल्या वडिलांनी १९३३ नंतर काय केले हे विचारू लागलेली पिढी ती वाचू लागली.